नळीतलं अन्न

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, "वाचेल ना?" मला ते वेगळं विचारतात. "ताई, पोटात काही गेलं का?" मी मिरजेतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. सांगली-कोल्हापूरकडून, जतकडून, खाली अथणी-चिकोडीपासून माणसं इथे येतात. कुणी मराठीत विचारतं, कुणी कानडीत, पण प्रश्न तोच असतो. डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नात आशा असते, मला विचारलेल्या प्रश्नात भीती. आपलं माणूस जायचंच असेल तर जाईल, पण उपाशी जाऊ नये, ही ती भीती. आपल्याकडे दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल याचा शोध घेत घाटावर तासन्‌तास उभं राहतात. अशा माणसांना "सध्या एनबीएम आहे, तोंडाने काही द्यायचं नाही" हे सांगणं म्हणजे नुसती सूचना नसते. त्यांच्या धर्मातल्या एका मोठ्या कर्तव्यावर आपण हात ठेवलेला असतो.

म्हणून मला हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्माचा वाटतो. ज्याला भूक लागत नाही, चव कळत नाही, जो घास मागत नाही आणि नाकारतही नाही, त्याच्या नाकातून जठरात सोडलेल्या नळीतून आपण जे घालतो ते अन्न आहे का? ते घालणं हे अन्नदान आहे की उपचार? आणि ते कधी थांबवता येतं? बेडजवळ उभं राहून मी याचा बराच विचार केला आहे, जुने ग्रंथही उलगडून पाहिले आहेत. जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी ती नळी. जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरच्या नावाने ती रायल्स ट्यूब म्हणून ओळखली जाते. वॉर्डात नुसतं 'आरटी' म्हणतात. तिच्यातून जाणारं फीड कधी आमच्या स्वयंपाकघरात तयार होतं: दूध, नाचणीचं सत्त्व, मूगडाळ शिजवून घोटून गाळलेली, साखर, तेल. कधी डब्यातली पावडर असते. दर दोन तासांनी सिरिंजने, किंवा पंप लावून दिवसभर थेंब थेंब. त्याला सकाळ-संध्याकाळ नसते, ताट नसतं, वाढणारं कुणी नसतं. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात मी वैश्वानर अग्नी होऊन चार प्रकारचं अन्न पचवतो. चावून खायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं, असे ते चार प्रकार परंपरेने सांगितले आहेत. नळीतलं फीड या चारांत कुठेच बसत नाही, कारण चारही प्रकारांना तोंड लागतं.

तरीही मी त्याला अन्नच म्हणते. वैश्वानराचं काम जिभेच्या पलीकडे सुरू होतं, आणि तिथे ते चालू असतं. आतड्याच्या आतल्या अस्तराला त्याचं पोषण मोठ्या प्रमाणात आतड्यातून जाणाऱ्या अन्नामधूनच मिळतं. काही दिवस काहीच गेलं नाही तर ते अस्तर झिजायला लागतं. म्हणून तर ताशी दहा-वीस मिलिलिटर इतकं थोडं फीडही आम्ही शक्यतो पहिल्या 48 तासांत सुरू करतो. माणसाला शुद्ध नाही, पण देह ते ओळखतो आणि घेतो. घेणारा कोण, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी हजारो वर्षं विचारला आहे. अतिदक्षता विभागात इतकं तरी दिसतं की घेणारा 'मी' झोपलेला असतानाही घेणं चालू राहतं.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मन हे अन्नाचं बनलेलं आहे असं सांगतो. मुलाला ते पटत नाही. उद्दालक वाद घालत बसत नाही. तो सांगतो, पंधरा दिवस जेवू नकोस. पाणी हवं तितकं पी, कारण प्राण पाण्याचा आहे, पाणी पीत राहिलास तर तो तुटणार नाही. पंधरा दिवसांनी मुलगा येतो. बाप म्हणतो, ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. बारा वर्षं गुरुगृही राहून वेद शिकून आलेल्या त्या मुलाला काहीच आठवत नाही. मग उद्दालक त्याला जेवायला लावतो, आणि जेवल्यावर जे विचारावं ते त्याला येतं. मोठ्या आगीतला काजव्याएवढा एकच निखारा उरावा, त्याला गवत घालावं आणि तो पुन्हा पेटावा, तसं झालं, असं बाप समजावतो.

ही गोष्ट मी आमच्या शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. कारण बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक मला म्हणतात, "सलाईन चालू आहे की, मग काय काळजी?" नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यात ऊर्जा शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत 50 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सुमारे 170 कॅलरी, जेमतेम एक भाकरी. प्रथिनं त्यातही नाहीत. सलाईनवरचा माणूस हा उद्दालकाच्या त्या पंधरवड्यातला श्वेतकेतू आहे. त्याचा प्राण तुटत नाही, पण बाकी सगळं विझत जातं. एक निवृत्त शिक्षक स्वादुपिंडाच्या सुजेने आमच्याकडे आले होते. आल्यावर काही दिवस ते मुलीला ओळखत नव्हते, भिंतीला फळा समजून हात फिरवायचे. त्यांची नळी जठराच्या पुढे, लहान आतड्यात नेऊन ठेवली होती. हळूहळू फीड वाढत गेलं, आणि एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, आज वार कुठला?" हे केवळ अन्नाने झालं असं मी म्हणणार नाही. ताप उतरला होता, गुंगीची औषधं कमी झाली होती, जीवनसत्त्वं दिली होती. पण ज्या मनाला आपण देहापासून वेगळं, वरचं मानतो ते कशावर उभं आहे, हे त्या सकाळी मला उद्दालकाइतकंच स्पष्ट दिसलं.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू तप करून पहिल्यांदा अन्न हेच ब्रह्म असं जाणतो. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद इथवर जातो. आपल्याकडचे प्रवचनकार हे सांगताना पहिली पायरी घाईने ओलांडतात. अन्नमय कोश म्हणजे जणू टाकून द्यायचं टरफल. मला तसं वाटत नाही. भृगूला पहिलं उत्तर मिळालं ते चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. त्याच उपनिषदात म्हटलं आहे की प्राणी अन्न खातात आणि अन्न प्राण्यांना खातं. गंभीर आजारात हे शब्दशः घडतं. शरीर ताणाखाली असलं की ते स्वतःचेच स्नायू मोडून इंधन काढतं. लंडनमध्ये झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सरासरी 17.7 टक्क्यांनी कमी झालेला आढळला. बरा होऊन घरी गेलेला माणूस पुढे कित्येक महिने जिना का चढू शकत नाही, त्याचं एक कारण हे. ही झीज नुसत्या अन्नाने पूर्ण थांबत नाही. पण अन्नच दिलं नाही तर ती आणखी खोल जाते.

आणि ते अनेकदा दिलं जात नाही. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या रुग्णालयांमधलं मोठं पाप मला इथे दिसतं. साठ किलोच्या माणसाला, आजाराचे पहिले दिवस सरल्यावर, दिवसाला साधारण 1,500 कॅलरी आणि 78 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मी ते लिहून देते. पण लिहिलेलं फीड आणि गेलेलं फीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटी स्कॅनला न्यायचं म्हणून सकाळी सहाला फीड बंद होतं. स्कॅनचा नंबर दुपारी लागतो. परत आल्यावर पाळी बदललेली असते आणि 'एनबीएम'ची पाटी तशीच लटकत राहते. कूस बदलताना पंप थांबवला, पुन्हा सुरू करायचा राहिला. पोटात थोडं फीड शिल्लक सापडलं म्हणून पुढचं सगळंच अडवलं. एका सिस्टरकडे दोघांऐवजी चार पेशंट असतील तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. रक्तदाब घसरतोय तिथे ती धावणार, हे बरोबरच आहे. पण अन्नाचा एक घास पानात टाकला तर ज्या घरांत आजी रागावते, त्याच घरांतली माणसं चालवत असलेल्या व्यवस्थेत एक बेशुद्ध माणूस दिवसभर उपाशी राहतो आणि कुणाला बोच लागत नाही. त्याला बोलता येत नाही एवढाच त्याचा गुन्हा. याला मी अधर्म म्हणते. याहून सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

नातेवाईकांचा कळवळा दुसऱ्या टोकाला जातो. जतकडच्या एका शेतमजुराला आणलं होतं. दारूचं व्यसन, त्यात आजारपण, दहा-बारा दिवस घरात जवळपास काही खाल्लेलं नव्हतं. हाडांवर कातडी. बायको डबा घेऊन आलेली, त्यात अळणी मटणाचं पाणी, तूप घातलेलं. "नळीतनं जाईल तेवढं घाला ताई, आजवर माझ्या हातचं सुखानं खाल्लं न्हाई त्यानं." तिला मी काय सांगायचं? मी पहिल्या दिवसासाठी किलोमागे दहा कॅलरीच लिहिल्या होत्या, त्याही बी-वन जीवनसत्त्व दिल्यानंतर. इतका उपाशी राहिलेला देह अचानक पोटभर अन्न आलं की ते वापरण्यासाठी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींच्या आत ओढून घेतो. रक्तातलं प्रमाण कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. उपासाने जे मेलं नसतं ते माणूस जेवणाने मरतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हे जगाने पाहिलं. 15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्य बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीत शिरलं तेव्हा सैनिकांनी दया येऊन आपल्या शिध्यातलं डबाबंद मांस आणि इतर जड अन्न कैद्यांना वाटलं. ते न पचून कित्येक जण दगावले. मग तिथे जे मिश्रण आणलं गेलं ते 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं, दूधभुकटी, पीठ आणि साखर यांचं. तेही तिथल्या पूर्व युरोपीय माणसांना फार गोड लागलं, अनेकांना घेववेना. बंगालमधल्या भुकेल्यांच्या हिशेबाने बनवलेलं अन्न पोलंडमधल्या भुकेल्याला चाललं नाही. सैनिकांची दया खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दया खरी असणं पुरत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे: योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला. 'पात्र' म्हणजे लायक माणूस असं आपण समजतो, आणि त्यातून जातीपातीचे किती तरी अन्याय आपण पिकवले. अन्नाच्या बाबतीत मला त्याचा सरळ अर्थ लावावासा वाटतो: ज्यात ओतायचं त्याची घेण्याची ताकद. माझ्या सगळ्या विचाराचं सार एवढंच आहे. अन्नदानाचं माप घेणाऱ्याच्या देहात असतं, देणाऱ्याच्या मनात नसतं. गोंदवल्यासारख्या ठिकाणी कुणीही यावं आणि पोटभर जेवावं, हे अन्नदान आपण डोळ्यांनी पाहत वाढलो, आणि भुकेलेल्याला अन्न देण्याचा गाडगेबाबांचा आग्रहही आपल्या अंगात भिनलेला आहे. पण तिथे जेवणारा स्वतः 'पुरे' म्हणू शकतो. आमच्याकडच्या माणसाचं 'पुरे' दुसऱ्याने ओळखावं लागतं: रक्ताच्या तपासणीत, फुगलेल्या पोटात, उलटीत, लघवीच्या मापात.

आणि ते 'पुरे' आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर येतं. फ्रान्समधल्या 61 अतिदक्षता विभागांत तीन हजारांवर रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे व्हेंटिलेटरवर आणि रक्तदाब टिकवण्याच्या औषधांवर. पहिला आठवडा निम्म्यांना किलोमागे 25 कॅलरी, बाकीच्यांना फक्त सहा. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट कमी दिलेले रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर जायला लवकर तयार झाले, त्यांना उलट्या-जुलाबही कमी झाले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात भरपूर प्रथिनं देऊन फायदा दिसला नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडं दुखावली होती त्यांना तोटा झाल्याचं दिसलं. आजार ऐन भरात असताना देह अन्न घेण्याच्या अवस्थेत नसतो. लाट ओसरली की मागतो. आयुर्वेदात तापाच्या सुरुवातीला लंघन सांगितलं आहे, आणि शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, अग्नी मंद झाला असताना पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस अशा पायऱ्यांनी वर चढायला सांगितलं आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. चरकाला फॉस्फेट माहीत होतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण देहाला विचारून वाढायचं असतं, हे ते जुने वैद्य आजाऱ्यांच्या उशाशी बसून शिकले होते. त्या शेतमजुराच्या बायकोला मी हेच सांगितलं: "बाळंतिणीला पहिल्या दिवशी पुरणपोळी देतो का आपण? यांचं पोट आत्ता तसं आहे." तिचा डबा मी परत पाठवला नाही. त्यातलं वरचं निवळ पाणी दोन दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं दिलं, आणि सिरिंज तिच्या हातात दिली.

देहाचं माप म्हणजे माणसाच्या श्रद्धेला किंमत नाही, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. एका मुलाने मला विचारलं होतं, "आई चाळीस वर्षं एकादशी करते. आज नळीतून डाळ गेली तर तिचा नेम मोडेल का?" धर्मशास्त्र आजाऱ्याला व्रतातून सूट देतं. कुराणही आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करायची मुभा देतं, हे मी मिरजेच्या दर्ग्याजवळच्या मोहल्ल्यातल्या कुटुंबांना सांगत आले आहे. त्या मुलालाही ते सांगता आलं असतं. पण नेम फक्त आईच्या शुद्धीत होता का? तिच्या देहालाही त्याची सवय होती, आणि तिच्यासाठी तो पाळू पाहणारा मुलगा समोर उभा होता. त्या दिवशीचं फीड मी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचं पीठ, दूध आणि साखर यांचं करून दिलं. हिशेब तोच राहिला. असं करता येतं तिथे ते करावं. करता येत नाही तिथे लपवू नये. शिरेतून देतात त्या स्निग्ध द्रावणात अंड्यातला घटक असतो. झोपेसाठी चालवतात त्या प्रोपोफॉलच्या पांढऱ्या औषधातही असतो. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरला 1.1 कॅलरी असते, म्हणून ती मला हिशेबात धरावी लागते. आमच्या भागात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांना हे आधी सांगितलं पाहिजे असं माझं मत आहे. बहुतेक जण औषध म्हणून मान्य करतात. न विचारता देणं हा त्यांच्या बेशुद्ध माणसाचा विश्वासघात ठरतो.

आता सगळ्यात अवघड भाग: थांबवणं.

दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन समाजात आचार्य शांतिसागर महाराजांचं नाव आजही घराघरांत आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे ते. दृष्टी मंदावली, साधूच्या आचाराला लागणारी अहिंसा पाळणं अशक्य होत चाललं, तेव्हा त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे क्रमाक्रमाने आहार सोडत मृत्यू स्वीकारण्याचं व्रत, घेतली आणि 1955 च्या सप्टेंबरमध्ये देह ठेवला. सल्लेखनेलाही क्रम आहे: आधी घन आहार सोडायचा, मग दूध, मग ताक किंवा कांजी, मग कोमट पाणी, शेवटी तेही. संसर्जनक्रमाच्या पायऱ्या वर जातात, या खाली येतात. पण दोन्हींत घाई नाही, आणि दोन्हींत प्रत्येक पायरीवर देहाला विचारलं जातं. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना म्हणजे आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सावरकरांनी 1966 मध्ये अन्न-औषध सोडून प्राण ठेवले, त्याआधी आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक त्यांनी लिहून मांडला होता. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. देशाच्या पंतप्रधानांपासून अनेकांनी विनंती करूनही ते बधले नाहीत. या तिघांचे मार्ग आणि मतं किती वेगळी! पण तिघांनीही शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

कृष्णाकाठच्या एका गावातल्या जैन आजी आमच्याकडे होत्या. अर्धांगवायू, वाचा गेलेली, गिळणं गेलेलं, पण शुद्ध स्वच्छ. त्या नळी उपटून काढायच्या. तीन वेळा घातली, तीन वेळा काढली. मग हात कापडाने पलंगाला बांधले. मुलगे म्हणत, "आईला उपाशी मारायचं का?" सुनेने हळूच सांगितलं की आजींनी महाराजांसमोर व्रताची इच्छा बोलून दाखवली होती. आमच्या डॉक्टरांनी आजींचे हात सोडायला लावले, मुलांना समोर उभं केलं आणि एकेक प्रश्न विचारला. नळी हवी का? मान आडवी. घरी जायचं का? मान उभी. पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच उत्तर. मोठा मुलगा खूप रडला. त्यांना घरी नेलं. आमच्या सिस्टरनी सुनेला ओल्या कापसाने तोंड पुसायला, ओठ ओले ठेवायला शिकवलं. बांधलेल्या हातांच्या माणसाच्या पोटात ढकललेलं अन्न अन्नदान होत नाही, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून आहे.

अरुणा शानबाग यांची गोष्ट मात्र मला दुसऱ्या बाजूने शिकवते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 1973 मध्ये हल्ला झाला आणि पुढची 42 वर्षं त्या तिथेच पडून होत्या. परिचारिका त्यांना मऊ केलेलं अन्न हाताने भरवायच्या. अरुणांना मासे आवडतात हेही परिचारिकांना माहीत होतं. 2010 मध्ये तापानंतर तोंडाने खाणं कमी झालं तेव्हा नळी घातली गेली. त्यांचं अन्न थांबवावं या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी परवानगी नाकारली. केईएमच्या परिचारिका त्या मागणीच्या विरोधात होत्या. माझ्या मते त्या परिचारिका बरोबर होत्या. जे तोंड घासासाठी उघडतं, त्याच्यासमोरचा घास कुणी काढून घेऊ नये. तिथे तत्त्वज्ञानाला जागा नाही.

पण नळी म्हणजे भरवणं नाही. ती उपचार आहे: तिच्यात अन्न असलं तरी ती एका हेतूने घातलेली असते, देहाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. शेवटच्या दिवसांत देह स्वतःच अन्न परत करू लागतो. पोटातलं पुढे सरकत नाही, अंगावर सूज चढते, छातीत घुरघुर वाढते. तेव्हा फीड कमी करणं, थांबवणं म्हणजे त्याला उपाशी मारणं नव्हे. त्याने 'पुरे' म्हटलं आहे, आपण ते ऐकलं आहे. नातेवाईकांना मी त्या वेळी नळीऐवजी तोंडाकडे वळवते. डॉक्टरांच्या परवानगीने, ओल्या बोळ्याने दोन थेंब गंगाजल, तुळशीचं पान ओठांना लावून. मुसलमान घरांत जमजमचे थेंब. चार दिवस नळीतून घातलेल्या दोन लिटर फीडने त्यांना जे मिळालं नव्हतं ते त्या थेंबांनी मिळताना मी पाहिलं आहे.

उरतो तो रुग्ण ज्याचा देह फीड उत्तम घेतो, वजनही राखतो, आणि ज्याची शुद्ध कधी परतणार नाही असं सगळे डॉक्टर सांगतात. इथे माझं माप अपुरं पडतं. देहाला विचारलं तर तो 'दे' म्हणतो, वर्षानुवर्षं म्हणत राहतो. मी भृगूकडे परत जाते: अन्नमय देह हे पहिलं उत्तर होतं, शेवटचं नव्हतं. त्या देहात राहणाऱ्या माणसाने स्वतः काय म्हटलं होतं, हे दुसरं माप तिथे लागतं. ते नसेल तर मी फीड चालू ठेवते, दुसऱ्याच्या वतीने व्रत घेण्याचा अधिकार मला नाही. ते असेल तर ते देहाच्या 'दे'पेक्षा वरचं मानते.

म्हणून दोन विनंत्या. तुमचं माणूस अतिदक्षता विभागात असेल तर रोज विचारा: काल लिहिलेल्या फीडपैकी प्रत्यक्ष किती गेलं, आणि कमी गेलं असेल तर का? हा आगाऊपणा नाही, हक्क आहे. आणि चोरून काही नळीत घालू नका; मनात असेल ते आम्हाला सांगा, बहुतेक वेळा काहीतरी वाट निघते. दुसरी विनंती तुमच्या स्वतःसाठी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असाध्य अवस्थेतल्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. तब्येत ठणठणीत असताना, घरच्यांना समोर बसवून तो कागद करा. नळी हवी की नको, आणि किती काळ, हे त्यात वेगळ्या वाक्यात लिहा, आणि त्याची एक प्रत घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.